तीन अक्षरं

हरिओम सात वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्याला दवाखान्यांत फिरवून त्याची आई दैवशाला थकून गेली होती. आज जालन्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला.

"एक्स गुणसूत्रावर एका ठिकाणी डीएनएची तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एरवी तीसेक वेळा. तुमच्या वडिलांकडून तुमच्यात ती ऐंशी वेळा आली. तुम्हाला त्रास झाला नाही, पण या लेकरात ती सातशेवर गेलीत."

"मी सात वर्षं हेच सांगून राह्यले," सासू नंदाबाई म्हणाली. "खोट हिच्या माहेरातच हाय."



"वडिलांना हे त्यांच्या आईकडून आलं असणार, मुलाला एक्स आईकडूनच मिळतं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना बहीण आहे का?"

"एकच हाय. ह्याच," दैवशालानं सासूकडे बोट केलं. "माझी सख्खी आत्या. भावाची पोरगी म्हणून यांनीच मला मागून घेतलं."

"मग यांचंही रक्त तपासावं लागेल. यांना मुली असतील तर त्यांचंही."

नंदाबाईनं हरिओमला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या तृप्तीला सातवा महिना लागलाय, दैवशाला. तिच्या सासूला यातलं काही सांगू नको."