नाकाचं ऑपरेशन

ऑपरेशन मूळव्याधीचं होतं, पण शाळेत मी नाकाचं सांगितलं. आठवड्याने हजर झालो, तर शिक्षकांच्या खोलीत सगळे चौकशीला जमले. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "अँटिबायोटिक कुठलं दिलं होतं?" माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "कुठलंच नाही. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशनला आधीपासून द्यायची गरज नसते."

झालं. बाईंचा पारा चढला. "अहो, नाक म्हणजे मेंदूचा शेजारी. आणि साधी एक गोळी नाही? त्या डॉक्टरांचा नंबर द्या, मी बघते त्यांच्याकडे." खेळाचे सर तर मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या नाकात डोकावायला सरसावले. मी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकून घाम पुसत होतो.

तेवढ्यात दारातून मुख्याध्यापकांचा आवाज आला. "राहू द्या, बाई. मलाही दिलं नव्हतं. गेल्या वर्षी माझंही नाकाचंच ऑपरेशन झालं." गेल्या वर्षी महिनाभर प्रत्येक मीटिंग उभ्याने घेणारा हा कडक माणूस; त्यांच्यापुढे कोण बोलणार? मग मुख्याध्यापकांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं.

सरांनी दार लावून घेतलं, कपाटातून मधोमध भोक असलेली गोल उशी काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. नाकाला आराम पडेल."