चर्चमागचा चढ

वेल्समधल्या त्या खेड्यात चर्चमागचा चढ आला, की ग्लेनिस दर रविवारी सायकलवरून उतरायची आणि ती ढकलत वर जायची. माथ्यावर पोचलेला तिचा नवरा एम्रिस ओरडायचा, "चल गं, चहाच्या दुकानातला केक संपतोय तिकडे!"

"एक दिवस न उतरता येते की नाही बघच!" ती धापा टाकत म्हणायची.

मग कोळशाची उघडी खाण आली. तिनं डोंगरासकट चढ गिळला आणि बाजूनं पोळपाटासारखा सपाट रस्ता निघाला.

"आता तरी उतरू नका, राणीसरकार!" पहिल्याच रविवारी एम्रिस हसला.



पूर्वी चढ लागायचा तिथं ग्लेनिस उतरली. टोमणा मारायला वळलेला एम्रिस डोंगराच्या जागचं नुसतं आभाळ बघून स्वतःही सायकलवरून उतरला.