रोज दहा कांड्या

“तू आधी करून दाखव वं,” देवराव म्हणाला. “मंग मी करतो.”

मैनाबाईनं मांडी घातली, डोळे मिटले. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर नवरा नुसताच तिच्याकडे बघत बसलेला.

“माह्याकडं काय पाहून राहिले? श्वास घ्या.”

“घेतो ना.” त्यानं श्वास घेतला आणि त्याला खोकला आला. “सुताचा तंतू अडकला घशात,” तो म्हणाला.

तांडापेठेतल्या या कोष्ट्याला गेल्या पावसाळ्यापासून भीतीनं धरलं होतं. छातीत धडधडतं, मागावर हात चालत नाही, असं तोच सांगायचा. तो एकटाच मोठ्या दवाखान्यात जाऊन आला; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद लिहून दिला. देवरावाला अक्षरओळख नव्हती. मैनाबाई चौथी शिकलेली. घरी येताच त्यानं आधी कागदाची वरची कड दुमडून खळीनं चिकटवली, फाटू नये म्हणून, आणि मग तो खाटेजवळच्या भिंतीला लावला. रोज सकाळी ती वाचायची, तो ऐकायचा.

 दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मुकुंद तापानं गेला, तेव्हा मैनाबाईनं अशी खाट धरली की सहा महिने उठली नाही. देवरावानंच तिला घास भरवले, वेणीसुद्धा घातली. आता त्यानंच खाट धरली तर? ते तिला सोसलं नसतं. म्हणून ती त्या कागदाच्या हात धुऊन मागे लागली.

कागदातली दुसरी ओळ : सकाळी नाईक तलावापर्यंत चालून यायचं. “एकट्याले लाज वाटते,” तो म्हणे, म्हणून ती सोबत जायची. परतताना मात्र तो दर वीस पावलांवर थांबायचा. “तू हो पुढं.”

तिसरी : दिवसातून एकदा शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचं, मनातलं एक तरी खरं बोलायचं. शेजारच्या कौशल्याच्या ओट्यावर तो गप्पच बसे; बोले मैनाबाई. एक दिवस ती पहिल्यांदा मुकुंदाबद्दल बोलली आणि पोटभर रडली. देवराव मान खाली घालून ऐकत होता.

चौथी ओळ वाचून मात्र तिला हसू आलं होतं. ‘मन लागो न लागो, धोट्यासाठी रोज दहा कांड्या भराव्यात.’

“तुमच्या डॉक्टरीणबाईले कोष्ट्याचं काम नाही समजत. कांड्या तं बायाच भरतात. माणसं धोटा मारून विणतात.”

“शिकलेली बाई हाये ते. तिले मागातलं काय मालूम?” तो म्हणाला. “तू भर. मी पाहतो.”

तिनं चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरल्या. रोज दहा. तो खरंच पाहत बसायचा.

माघात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं आणि आठ दिवसांत देवराव गेला.

तेरवीला बायांनी घर धुऊन काढलं. पाहुणे पांगले. माग थंड होता. मैनाबाई खाटेवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आता उठायचं तरी कोणासाठी, असं तिला वाटलं.

कागद समोरच होता. धुण्याच्या पाण्यानं खळ सुटून वरची कड उलगडली होती. डॉक्टरीणबाईंच्याच अक्षरात तिथं लिहिलं होतं :

‘मैनाबाईंसाठी. यजमान गेल्यानंतर रोज करायचे. सवय आतापासून लावावी.’