अभिषेकपात्र

वृंदाने टाकीतलं पाणी मगाने उचललं आणि हातभर उंचावरून पुन्हा टाकीतच सोडलं. सकाळपासून वीज नव्हती, हवेचा पंप बंद पडला होता. पाणी असं खळखळतं राहिलं तरच माशांना हवा मिळणार होती. खांदे भरून आले म्हणून ती जरा थांबली, तर गोल्डफिश वर येऊन आ वासू लागले. सर्वांत मोठा तर एका कुशीवर कलला.

"केबल जळलीय म्हणे. संध्याकाळ होईल," ती सासऱ्यांना म्हणाली. देवघराशेजारी मासे ठेवल्याच्या रागाने नाना टाकीकडे ढुंकूनही बघत नव्हते. आता मात्र ते उठून आत गेले आणि परतले ते महादेवावर संततधार धरायचं, बुडाला भोक असलेलं अभिषेकपात्र घेऊनच.

"नको नाना! तांब्याचं आहे ते. माशांना विष होईल!"

त्यांचा चेहरा पडला. ते पात्र घेऊन आत वळले. आता महिनाभर अबोला, वृंदाच्या मनात आलं. पण हात थांबवून चालणार नव्हतं.

स्वयंपाकघरातून प्लास्टिक जळल्याचा वास आला. नाना तिचा रव्याचा डबा घेऊन आले. त्याच्या बुडाला तापल्या खिळ्याने भोकं पाडली होती. डबा त्यांनी टाकीवरच्या पडद्याच्या दांडीला टांगला, तिच्या हातातला मग घेतला आणि पुटपुटत पाणी भरू लागले.

बऱ्याच वेळाने मोठा मासा सरळ झाला. तेवढ्यात दिवे लागले, पंप गुरगुरला.

"नाना, वीज आली. बसा आता."

नानांनी हातानेच तिला गप्प केलं. रुद्राचं आवर्तन अजून पुरं व्हायचं होतं.