सत्काराला उत्तर

आठ वर्षांच्या मुलीच्या मापाची हिमरू शाल कुठंच मिळत नाही. त्यामुळं व्यासपीठावर स्वराली अशी काही दिसतच नव्हती. दिसत होती ती एक शाल आणि तिच्यातून वर आलेल्या दोन वेण्या. हातात नारळ होता. तो कुठं ठेवायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष साहेबराव माईक सोडायला तयार नव्हते. "आपली लेकरं परदेशात जातेत अन् तिकडचीच होतेत. पण आपल्या पाठकसरांचा शंतनू लेकीला घेऊन कायमचा माघारी आला. कशासाठी? संस्कारासाठी! वाजवा की टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. शंतनूनं नम्रपणे मान खाली घातली. एवढ्यात त्याला ते चांगलं जमायला लागलं होतं.

त्याचे वडील, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक श्रीनिवासराव पाठक, पहिल्या रांगेत स्वतःच्या चपलेचा अंगठा निरखत बसले होते. सुनेला तिकडचं आवरून मागाहून यायचंय, असं संघात सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात ब्रिस्बेनच्या कोर्टानं मुलीचा ताबा तिच्या आईला दिला होता. शंतनूनं लेक सुट्टीपुरती मागून आणली होती, आणि सुट्टी काही संपत नव्हती. निकालपत्र श्रीनिवासरावांनीच बायकोला मराठीत वाचून दाखवलं होतं, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर उमाताईंनी नातीचा पासपोर्ट कपाटातल्या पैठणीच्या घडीत सरकवला आणि विषय संपला. सभागृहात एवढं सगळं तिघांनाच ठाऊक होतं. चौथीला कुणी विचारलं नव्हतं.

स्वरालीनं आजीनं पाठ करून घेतलेला श्लोक म्हटला. एकदा अडखळली, उमाताईंनी खालून ओठ हलवले, गाडी पुढं गेली. टाळ्या पडल्या, श्लोकाला पडतात तेवढ्या.

"आता एखादं इंग्लिशमधी होऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"व्हय व्हय, तिकडचं एखादं," साहेबरावांनी उचलून धरलं. "बेटा, स्पीक इंग्लिश."

स्वरालीनं नारळ खाली ठेवला. शाल खांद्यामागं ढकलली, माईक दोन्ही हातांत धरला आणि तिकडच्या हेलात, एका दमात, इंग्रजीत म्हणाली, "माझं नाव स्वराली. मी हरवले आहे. माझ्या आईचं नाव तनुजा. प्लीज, तिला फोन करा." मग नंबर. देशाच्या कोडसकट.

माईक घुमत होता. शब्द कुणाला धड कळले नाहीत, पण इंग्रजी होतं हे सगळ्यांना कळलं. संस्कारासाठी परत आणलेल्या मुलीचं फाडफाड इंग्रजी ऐकून सभागृह भारावून गेलं. श्लोकाच्या दुप्पट टाळ्या पडल्या. शंतनूचं हसू होतं तिथंच राहिलं.

श्रीनिवासरावांना तो मजकूर तोंडपाठ होता. ते ब्रिस्बेनला गेले तेव्हा स्वराली पहिलीत होती. हरवलात तर मोठ्या माणसाला काय सांगायचं, हे तिथल्या शाळेत शिकवत होते, आणि सराव आजोबांनी करून घेतला होता. बाल्कनीत ते अनोळखी माणूस व्हायचे, ती हरवायची. "भरभर नको," ते सांगायचे. "समोरच्याला लिहून घेता आलं पाहिजे." शेवटी ती विचारायची, "बरोबर, आजोबा?" आणि ते म्हणायचे, "अगदी बरोबर."

"काय म्हणाली हो लेकरू?" शेजारच्या चंपाबाईंनी कानातलं मशीन नीट बसवत विचारलं. "लई फास्ट बोलती."

"पाठकसर हायेत की!" साहेबराव म्हणाले. "सर, जरा मराठीत सांगा आम्हाला."

माईक खाली आला. श्रीनिवासराव उठले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या इंग्रजीचा अर्थ सांगितला होता, आणि हा उतारा तर सोपा होता.

"अहो," उमाताई म्हणाल्या. एवढंच.

श्रीनिवासरावांनी घसा साफ केला.

"कविता आहे," ते म्हणाले. "तिथल्या शाळेतली."

"वा वा! वन्स मोअर!"

माईक पुन्हा वर गेला. स्वरालीला मराठी समजतं, हे सभागृहात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ती आजोबांकडं बघत राहिली. मग तिनं तेच पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, शब्द सुटे करून. कविता आहे म्हटल्यावर अर्थाकडं कुणी लक्ष दिलं नाही. नंबर आला तेव्हा ती प्रत्येक आकड्यानंतर थांबू लागली, समोरच्याला लिहून घेता येईल इतकी. त्या थांबण्यात पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी ठेका सापडला. त्यानं टाळी धरली. मग शेजाऱ्यानं धरली. शेवटच्या आकड्यांपर्यंत सगळं सभागृह ठेक्यात आलं होतं. चंपाबाईंचाही एक आकडा चुकला नाही.

श्रीनिवासरावांचे हात मांडीवर होते. खिशाला पेन होतं.

टाळ्या थांबेपर्यंत स्वराली थांबली. मग शाल सावरत व्यासपीठाच्या कडेला आली, खाली वाकली.

"बरोबर, आजोबा?" तिनं मराठीत विचारलं, आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला.