बंद रस्त्यावरची गाडी

भिंत घालून बंद केलेल्या रस्त्यावर एक गाडी खोळंबलीय, असं वाहतूक नियंत्रण कक्षातला पडदा आजही सांगत होता. साहेबांची बोलणी खाऊन पडद्यासमोरची ऑपरेटर मेटाकुटीला आली होती. तिने त्या रस्त्यावर पाठवलेल्या मेकॅनिकला फोन लावला.

"मॅडम, इथे भिंत आहे हो! सेन्सर तर मी काढून खिशात टाकलाय."

पडद्यावर गाडीचा ठिपका होताच.

"जा बाई एकदाची, डोकं नको खाऊ!" म्हणत तिने त्या रस्त्याला हिरवा दिवा दिला.

ठिपका हलला. एकेक सिग्नल ओलांडत तो थेट तिच्या लेकीच्या पाळणाघरासमोर जाऊन थांबला.

तेवढ्यात पाळणाघरातल्या मावशींचा फोन आला.

"अगं, तुझी छकुली बूट घालून दारात उभी आहे. 'आईची गाडी आली' म्हणते. बाहेर तर कुणीच नाही... अगं, छकुले, थांब!"