बेल्जियमचा म्हातारा

एका चमत्कारिक बातमीला ज्ञानेश्वररावांना घरातली दहा मिनिटं मिळत. भाव ठरलेला होता. रात्रीच्या जेवणाला बातमी सांगितली की मुलगा संजय लॅपटॉप मिटायचा, सून अर्चना फोन उपडा ठेवायची आणि बारा वर्षांची अक्षरा ‘आजोबा, सीरियसली?’ म्हणून डोळे मोठे करायची. बातमी नसली तर तिघं आपापल्या पडद्याकडे बघत जेवणार आणि म्हातारा भाजीकडे. इंग्लंडात, लेस्टरला येऊन तीन आठवडे झाले होते, त्यांनी एकही रात्र कोरडी जाऊ दिली नव्हती.

त्यात आज गुरुवार. शनिवारी त्यांना पुढच्या दाराची किल्ली मिळायची होती. इथलं दार नुसतं ढकललं तरी आपोआप लॉक होतं. बाबा विसरतील, बाहेर अडकतील, म्हणून संजय ती देणं लांबवत आला होता. अमरावतीच्या कोर्टात चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळून एक कागद हरवू न दिलेल्या माणसाला, नातीकडे किल्ली आहे आणि आपल्याकडे नाही, हे गिळायला जड जात होतं. पण हसऱ्या माणसाच्या हातून किल्ली लवकर सुटते, एवढा हिशेब त्यांना येत होता.

“बाबा, आज काय स्पेशल?” संजयनं आमटी वाढून घेतली. “निवडणुकीला उभी राहिलेली तुमची ती बकरी हिट झाली हं. टीम मीटिंगमध्ये सांगितली मी.”

ज्ञानेश्वररावांची झोळी आज रिकामी होती. दिवसभर फोन घरात होता आणि ते बाहेर.

सकाळी सगळे गेल्यावर ते आंघोळ करून, पंचा नेसून, तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला पुढच्या पायरीवर गेले होते. रोज दारात एक चप्पल आडवी टाकून जात. आज ती टाकायची राहिली. मार्चचा वारा आला आणि मागे खट्‌ झालं. शेजारच्या डोरीनबाईंनी हाताला धरून आपल्या घरात नेलं, अंगावर स्वतःचा गाऊन घातला आणि मुलाचा नंबर विचारला. नंबर तोंडपाठ होता. “आय डोन्ट रिमेंबर,” ज्ञानेश्वरराव म्हणाले. तो फोन लागला असता तर शनिवार बुडाला असता. अक्षरा पावणेचारला शाळेतून येईपर्यंत, सात तास, ते त्या सोफ्यावर बसून राहिले. अक्षरानं आपल्या किल्लीनं दार उघडून त्यांना आत घेतलं आणि कुणाला सांगणार नाही म्हणून गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली.

“गप्प का, बाबा? बरं वाटत नाहीये का?” अर्चनानं विचारलं. “डॉक्टरची, जीपीची अपॉइंटमेंट घेऊ?”

“नको, नको! बातमी आहे ना.” त्यांनी घास गिळला. “बेल्जियमची.”

अक्षराचा चमचा वाटीतच थांबला.

“एक म्हातारा. टॉवेल गुंडाळून झाडाला पाणी घालायला बाहेर आला. मागे दार बंद.”

“टॉवेलवर?”

“टॉवेलवर. मग शेजारणीनं आपला गाऊन दिला. गुलाबी. त्यावर ससे.”

“ससे!” संजयला ठसकाच लागला. त्याची पाठ थोपटता थोपटता अर्चना स्वतः हसत सुटली. “आणि मुलाबाळांना फोन नाही का केला त्यानं?”

“नंबर आठवेना म्हणे. सात तास बसला तिच्याकडे.”

“सात तास!” अर्चना म्हणाली. “अहो बाबा, न आठवायला काय झालं? शेजारीण आवडली असेल मेल्याला!”

ज्ञानेश्वररावही हसले. न हसून कसं चाललं असतं? तीन आठवड्यांत इतकी चाललेली बातमी दुसरी नव्हती.

अक्षरा हसली नाही. “बट त्या आजोबाकडे डोअरचा की का नव्हता?” तिनं वडिलांकडे रोखून बघत विचारलं. “त्याचा फॅमिलीनी एक द्यायला पाहिजे होता. दॅट्स नॉट फेअर.”

“अगं, असल्या माणसाला किल्ली देऊन उपयोग काय?” संजय डोळे पुसत म्हणाला. “टॉवेलवर येणार तो. किल्ली राहणार आत!”

पंच्याला खिसा नसतो, ही गोष्ट ज्ञानेश्वररावांना कबूल करावी लागली. मनातल्या मनात.

संजयचं हसू ओसरलं. तो वडिलांकडे बघत राहिला, जरा काळजीनंच. “बाबा, रागावू नका, पण शनिवारचं जरा राहू दे. उन्हाळ्यात बघू. हे ऐकून मलाच धडकी भरली. आणि तुमचं ते सूर्याला पाणी घालणं, ते पण आत सिंकमध्ये करत जा ना, प्लीज. देवाला काय, कुठूनही पोचतं.”

अक्षरानं तोंड उघडलं. ज्ञानेश्वररावांनी टेबलाखाली तिचा पाय हळूच दाबला. तिनं तोंड मिटलं.

“बरं,” ते म्हणाले.

“आणि लिंक टाका हं ग्रुपवर. उद्याच्या मीटिंगला सांगतो.”

“शोधतो.”

त्या रात्री दहाच्या जागी पंचवीस मिनिटं मिळाली. संजयच्या मीटिंगची सोय झाली, अर्चनाची अपॉइंटमेंट वाचली. बेल्जियमचा म्हातारा तर केव्हाच घरी पोचला होता.

शुक्रवारी सगळे गेल्यावर ज्ञानेश्वररावांनी पंचा नेसला, तांब्या भरला. सूर्य घराच्या पुढच्या बाजूला होता. त्याच्या वाट्याचं पाणी मागच्या बाजूला, सिंकमध्ये, रात्रीच्या कढईवर पडलं.